गावाकडच्या पोट्ट्यापोट्टींसाठी संगीताचं मासिक काढायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, भागवत सप्ताहाची हँडबिलं, 'प्लॉट विकणे आहे' हे रोजचं काम. तीन वर्षांपूर्वी ज्युनिअर कॉलेजातली सहा-सात पोरंपोरी दुकानात शिरली. "भाऊ, आमाले गाण्याचं मासिक काढाचं हाय. फुकटात होते का?" फुकटात होत नाही, पण झालं. म्हणायला मासिक, निघतं वर्षातून चारदा. आता यवतमाळपासून भंडाऱ्यापर्यंतची पोरं, मास्तर आणि ग्रंथालयवाले फोन करून तेच ते विचारतात, म्हणून एकदाचं लिहून ठेवलं.

आधी डिझाइन ठरवायचं की वाचक?

वाचक. आणि वाचक ठरवणं म्हणजे वहीत 'वयोगट १३ ते १९' लिहून मोकळं होणं नव्हे. आम्ही दोन माणसं डोळ्यांसमोर ठेवली. एक सतरा वर्षांचा मुलगा. बापाच्या ट्रॅक्टरवर त्याने स्वतः जुळवलेले स्पीकर आहेत. वाचायचा भयंकर कंटाळा, पण अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावरचं बारीक अक्षर शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. दुसरी चौदा वर्षांची मुलगी, आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहणारी. स्वतःचा फोन नाही, सुट्टीत भावाचा मिळाला तर मिळाला. ऐकलेलं गाणं वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवते, शब्द चुकले तर चुकले.

बैठकीत कुणी नवं सदर सुचवलं की प्रश्न एकच: या दोघांपैकी कोण वाचेल? कुणीच नाही, तर सदर गेलं. पहिल्याच महिन्यात अशी तीन सदरं गेली. त्यातलं एक माझं होतं, नाट्यसंगीतावरचं. वसंतराव देशपांडे आपल्या मूर्तिजापूरकडचे, हे पोरांना ठाऊक हवं असं मला आजही वाटतं. पण दोन पानं? पोरं म्हणाली नाही, आणि त्यांचं बरोबर होतं.

मुलांना काय आवडतं हे शोधायचं कसं? शाळेत फॉर्म वाटले तर?

वाटू नका. आम्ही एका शाळेत वाटले होते. सर टेबलाशी उभे, पोरं माना खाली घालून भरतायत. 'आवडती गायिका?' निम्म्या वर्गाची लता मंगेशकर. 'आवडता संगीतप्रकार?' देशभक्तिगीते. त्याच संध्याकाळी त्याच वर्गातली पोरं नदीवर जी गाणी वाजवत बसली होती, त्यातलं एकही सरांसमोर म्हणण्याजोगं नव्हतं.

आवड विचारली की माणूस शोभेल ते सांगतो. म्हणून घडलेलं विचारा. काल शेवटी काय वाजवलं? कोणाच्या फोनवर? सोबत कोण होतं? मधेच बंद का केलं? विचारायची जागाही बदला. आठवडी बाजार, पंक्चरचं दुकान, एसटीचा थांबा. आम्ही चाळीसेक जणांशी असं बोललो. त्यात एक गोष्ट हाती लागली, जी कुठल्याही फॉर्मात आली नसती: मुली एकट्याने क्वचितच ऐकतात. एका इअरफोनचे दोन तुकडे दोघींच्या कानांत असतात. म्हणजे आमचं पानही दोघींना एकदम वाचता आलं पाहिजे. अंकाचा आकार या एका गोष्टीवरून ठरला.

तेरा आणि एकोणीस वर्षांचे एकाच अंकात कसे बसवायचे?

बसवू नका. मोठी पोरं लहानांचं वाचत नाहीत, लहान पोरं मोठ्यांचं चोरून वाचतात. सोळा-सतरासाठी लिहा, तेरावाला आपोआप येतो.

अंक सबंध विदर्भासाठी काढावा का?

अकरा जिल्हे आहेत. वऱ्हाडात खंजिरी भजन आणि भुलाबाईची गाणी, पूर्वेकडच्या झाडीपट्टीत दंडार, खडी गंमत आणि रात्रभर चालणारी नाटकं, मेळघाटात कोरकू गाणी, यवतमाळ-वाशिमच्या बंजारा तांड्यांवर होळीच्या लेंगी, गडचिरोलीकडे गोंडांचा रेला. हे सगळं ३२ पानांत कोंबलं की पर्यटन खात्याची पुस्तिका तयार होते. पोरगं पान उलटताना आपलं गाव शोधतं, दुसऱ्याचं नाही. एक तालुका घ्या, फार तर दोन. शेजारच्या तालुक्यातून 'आमचं काऊन नाई?' असं भांडण आलं की समजा अंक पोचला.

सगळं मोबाइलवर आहे. मग छापायचं कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो रास्त आहे.

ब्रिटनमध्ये १९७८ साली 'स्मॅश हिट्स' नावाचं किशोरांचं संगीत नियतकालिक निघालं. गाजलेल्या गाण्यांचे पूर्ण शब्द छापणं हे त्याचं मोठं आकर्षण होतं. २००६ मध्ये ते बंद झालं. गाण्याचे शब्द आता फुकटात बोटाखाली मिळतात, त्यासाठी कोणी पैसे मोजत नाही. आपणही सिनेमातल्या गाण्यांच्या मागे लागलो तर पहिल्याच अंकात बुडू.

पण पोळ्याच्या तोरणाखाली तुमच्या गावातला म्हातारा जी झडती, म्हणजे पोळ्याचं कवन, म्हणतो, ती शोधून पाहा मोबाइलवर. भुलाबाईची जी गाणी पलीकडच्या मोहल्ल्यात म्हणतात आणि तुमच्या मोहल्ल्यात वेगळ्या शब्दांत म्हणतात, ती शोधा. लग्नात मांडवाखाली आजी गाते ते शोधा. बारावीतल्या पोराने वऱ्हाडीत केलेलं, चार दोस्तांच्या ग्रुपवर फिरणारं रॅप शोधा. नाही सापडणार. तेच छापायचं.

एका पोराला आम्ही त्याच्याच आजोबांची झडती छापून दाखवली, तर म्हणतो, "हे त मले पाठ हाय, छापता कायले?" आम्ही म्हटलं, म्हणून दाखव. चौथ्या ओळीला अडला. मग पान हातात घेऊन उभ्या उभ्या पूर्ण म्हटली आणि अंक खिशात घालून निघून गेला, पैसे न देता.

म्हणजे आमचा अंक वाचायचा कमी आणि समोर धरून गायचा जास्त. डिझाइनचे पुढचे सगळे निर्णय यातून निघाले.

मग आकार आणि पानं किती ठेवायची?

आम्ही ७.२५ बाय ९.५ इंच ठेवतो. २० बाय ३० इंचाच्या कागदाला घड्या घातल्या की कटाई धरून हा आकार मिळतो, एका तावातून १६ पानं निघतात, कागद वाया जात नाही. १८ बाय २३ च्या तावातून पुस्तकी, साडेपाच बाय साडेआठचं पान पडतं. ते स्वस्त आहे, पण दोघींच्या मांडीवर मधोमध ठेवलं की एकीला अर्धंच दिसतं.

पानं १६ च्या पटीत ठेवा, म्हणजे पूर्ण फर्मे (एका तावाची १६ पानं) पडतात. आमची ३२. बांधणी मधोमध पिना मारून. चिकटवलेला कणा दिसतो देखणा, पण तो अंक जमिनीवर उघडा राहत नाही, मिटतो. खंजिरी वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, त्याने पान धरायचं कशाने?

कागद चकचकीत नको. मॅपलिथो घ्या. आर्ट पेपरवर बल्बचा उजेड पडला की मधल्या ओळी गायब होतात. हे समजायला आम्ही दोन कागदांवर एकच पान छापून रात्री भजनी मंडळात नेलं होतं. म्हाताऱ्यांनी आर्ट पेपरवालं पान दोनदा तिरपं करून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. बोललं कोणीच नाही.

मराठीसाठी फॉन्ट कोणता चांगला?

कुठलाही फॉन्ट घेण्याआधी त्यात एक शब्द टाइप करा: 'वऱ्हाड'. त्यातला अर्धा र आडवा, छोट्या विळ्यासारखा आला पाहिजे. तो रफार होऊन 'ह' च्या डोक्यावर चढला, तर फॉन्ट बाजूला ठेवा किंवा टायपिंग तपासा. आमच्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर, ७२ पॉइंटात, 'वर्हाडी' छापून आलं. चूक सर्वस्वी माझी. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला, आतली पानं तपासली आणि मुखपृष्ठावर नजरच टाकली नाही. मोठ्या अक्षरातली चूक कोणाला दिसत नाही, हे पत्रिका छापणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मलाही होतं.

दुसरी कसोटी 'ल' आणि 'श'. हिंदी वळणाची ही अक्षरं मराठी डोळ्याला चटकन खटकतात. मजकुरासाठी 'तिरो देवनागरी मराठी' बरा, त्यात अक्षरं आपल्या वळणाची आहेत. मथळ्यांसाठी 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'बालू' जाड आणि गोल आहे, पोरांना आवडतो. साधं, स्वच्छ काही हवं असेल तर त्यांचाच 'मुक्ता'. तिन्ही फुकट आणि छपाईला मोकळे.

मजकूर १२ पॉइंट, ओळींतलं अंतर १८. इंग्रजी मासिक पाहून ते अंतर ठरवू नका, आपल्याकडे वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार. गाण्याचे शब्द १६ पॉइंटात, आणि कडवं पानाच्या शेवटी तोडायचं नाही. गाताना पान उलटावं लागलं की ठेका गेला. सजावटीचे फॉन्ट सहा-सात वापरायचा मोह सगळ्या पोरांना होतो. होऊ द्या, एका अंकात करून पाहू द्या.

मुखपृष्ठावर काय असावं?

आम्ही तीन डमी केल्या. पहिली: गिटार घेतलेला शहरी मुलगा, केस वाऱ्यावर. दुसरी: आमच्याच गावची मुलगी, हातात खंजिरी. तिसरी: स्पीकरची भिंत लावलेला ट्रॅक्टर, मागून काढलेला फोटो, धुरळा. तिन्हींच्या रंगीत प्रती काढून बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर टेबलावर ठेवल्या आणि लांब बसलो.

माझी खात्री होती खंजिरीवर. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा मुलूख, खंजिरी घरोघरी. पण पोरं येऊन थेट ट्रॅक्टरवर बोट ठेवत. का, ते जवळ जाऊन ऐकलं तेव्हा समजलं. फोटो कसा आलाय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. स्पीकर किती इंची, कोणाचा ट्रॅक्टर, नंबर कोणता, यावर वाद चालला होता. गिटारवाल्या पोराकडे पाहून एकजण म्हणाला, "हा कोण हाय बे?" आणि विषय संपला.

मुलींनी मात्र खंजिरीवाली डमी उचलली, उलटी करून मागे काय आहे ते पाहिलं. मागे काहीच नव्हतं.

शेवटी पुढे ट्रॅक्टर आणि मागच्या पानावर खंजिरी, असं केलं. दुकानदार अंक दोन्ही बाजूंनी ठेवू शकतो. नंबरप्लेट पुसली. मुखपृष्ठावर मजकुराच्या ओळी तीनच, आणि प्रत्येकीत गावाचं किंवा माणसाचं नाव. 'संगीताच्या विश्वातील घडामोडी' असली ओळ कोणी वाचत नाही.

रंगीत की एकरंगी?

मुखपृष्ठ चार रंगांत, आत एकच रंग. काळ्याऐवजी गडद निळा किंवा गडद जांभळा घेतला तर खर्च फारसा वाढत नाही आणि अंक वेगळा दिसतो. लाल नको. मिणमिणत्या उजेडात वाचवत नाही. स्क्रीनवर दिसणारा झगझगीत पोपटी छापून मळका येतो, हे पोरांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तुमच्यावर आळ येतो.

प्रमाण मराठीत लिहायचं की वऱ्हाडीत?

बोलणारा बोलतो तसं. मुलाखत वऱ्हाडीत झाली तर वऱ्हाडीत छापा, झाडीबोलीत झाली तर झाडीबोलीत. उपकरणांची माहिती सरळ प्रमाण मराठीत, कारण तिथे अर्थ चुकला तर वायर जळते. गोंडी, कोलामी, गोरमाटी गाणी देवनागरीत छापताना खाली मराठी अर्थ द्या आणि छापण्याआधी ते गाणं म्हणणाऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्या. त्यांचं उच्चारण आपल्या कानांना चुकीचं ऐकू येतं.

गाणी छापली तर कायद्याची अडचण येते का?

येऊ शकते. भारतात कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं त्याचा हक्क टिकतो. सुरेश भट २००३ मध्ये गेले, म्हणजे त्यांची गझल २०६३ संपेपर्यंत परवानगीशिवाय पूर्ण छापता येत नाही, ते अमरावतीचे, आपले, असं कितीही वाटलं तरी. तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले; त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांचा हक्क २०२८ च्या अखेरीपर्यंत आहे. भुलाबाईची, लग्नाची, जात्यावरची गाणी, ज्यांचा कर्ता कोणालाच ठाऊक नाही, ती छापा. मात्र कोणाकडून ऐकली त्या बाईचं नाव आणि गाव त्यांना विचारून खाली लिहा. एका आजीने स्वतःचं नाव छापलेलं पाहून अंक देवघरात ठेवला. त्यावर हळदकुंकू आहे.

पोरांनी स्वतः केलेलं गाणं त्यांचंच राहतं. 'आमच्याकडे पाठवलं म्हणजे आमचं' असलं काही नियमांत घालू नका.

फोटो छापताना काय सांभाळायचं?

अठराच्या खालच्या मुलामुलींचा फोटो असेल तर आईवडिलांची लेखी संमती. मुलीचं गाव आणि शाळा दोन्ही एकत्र छापत नाही. वर्गणीदारांची यादी मोबाइलमध्ये ठेवत असाल तर २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही अठराच्या आतल्याला बालकच धरतो.

पण खरी अडचण कायद्याची नाही. डफडं वाजवणाऱ्या माणसाचा फोटो 'आपली परंपरा' अशा मथळ्याखाली टाकायला हात शिवशिवतो. थांबा. गावोगावी हे वाद्य कोणी वाजवायचं ते जातीने ठरवलेलं होतं, आणि आंबेडकरी चळवळीत कित्येकांनी ते गावकीचं काम ठरवून सोडलं. त्याच घरातला नातू आज भीमगीतांच्या पार्टीत ढोलक वाजवत असेल आणि त्याला त्याचाच अभिमान असेल. दुसरीकडे एखादा पोरगा डफडं हौसेने शिकतोय, शेकोटीवर तापवून चामडं कसं ताणायचं ते दाखवतोय. दोघांनाही विचारा: तुझ्याबद्दल काय लिहू? ते सांगतील तोच मथळा.

क्यूआर कोड टाकावा का?

टाका, दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको आणि घडीत नको. पण ज्या मुलीकडे फोन नाही तिला ते पान अर्धवट वाटता कामा नये. कोडमागे फक्त चाल ठेवा. शब्द, ताल, माहिती सगळं कागदावर.

वर्षात अंक कधी काढायचे?

पुण्या-मुंबईचं वेळापत्रक इथे चालत नाही. उन्हामुळे आपल्या शाळाच उशिरा, जूनच्या शेवटाला उघडतात, आणि तेव्हा घरातला पैसा बियाण्यात आणि वह्यांत गेलेला असतो. म्हणून पहिला अंक ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या आधी. त्यात झडत्या आणि भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत चालणाऱ्या भुलाबाईची गाणी. दुसरा दिवाळीला, सोयाबीन विकलेलं असतं, कापूस घरात येत असतो, आणि गडचिरोलीतल्या वडश्याकडे झाडीपट्टीच्या नाटकांचा मोसम सुरू होतो. हा अंक सगळ्यात जास्त खपतो. तिसरा डिसेंबरात, गॅदरिंगच्या तयारीसाठी. चौथा १४ एप्रिलच्या आधी, भीमगीतं आणि लग्नसराई धरून. फेब्रुवारी-मार्च दहावी-बारावीचे, मे महिन्यात रस्त्यावर कुत्रंही नसतं.

जाहिराती कोणाच्या घ्यायच्या? डीजेवाल्यांच्या चालतील?

कृषी सेवा केंद्र, मोबाइलचं दुकान, वाद्यं दुरुस्त करणारा, शिकवणी वर्ग. खर्रा-गुटख्याच्या नाही. डीजेवाल्यांच्या आम्ही घेतो, आमचा अर्धा वाचक तिथेच उभा असतो. फक्त त्याच पानावर चौकट असते: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. पहिल्या वेळी एक डीजेवाला चिडला होता. दुसऱ्या वेळी त्याने चौकट जरा मोठी करायला सांगितली, पोलीस आले की ग्राहकाला दाखवता येते म्हणून.

नोंदणी लागते का?

शाळेपुरतं हस्तलिखित किंवा एकदाच काढलेला अंक असेल तर त्या भानगडीत पडू नका. ठरावीक काळाने, विक्रीसाठी काढणार असाल तर आधी चौकशी करा. १८६७ चा जुना कायदा गेला. २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे आणि अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन होतो. नाव दोन-तीन पर्यायांसह ठरवून ठेवा, तुम्हाला सुचलेलं नाव आधीच कोणीतरी घेतलेलं असतं.

अंक उरले तर काय करायचं?

उरतातच. पहिल्या वर्षी आमचे दीडशे उरले, दुकानाच्या माळ्यावर पडून होते. जूनच्या शेवटी शाळा उघडल्या तेव्हा पोरं येऊन मागू लागली, वह्यांना कव्हर घालायला. मधली जोडपानं उघडून वहीवर ठेवून पाहिली तर तीन बोटं कमी पडत होती. आता दिवाळी अंकात मधोमध घडीचं मोठं पान घालतो, शंभर पानी वहीला बरोबर बसेल अशा मापाचं, आणि ट्रॅक्टर त्या पानावर अशा बेताने ठेवतो की वहीच्या पुढच्या बाजूला स्पीकर येतात. नाव लिहायची पट्टी खाली, उजव्या कोपऱ्यात.